सामायिक पानावर कोणी लिहिलं?

मे २००८. सॅन फ्रान्सिस्कोत गूगलची ‘आय/ओ’ परिषद भरली होती आणि अँड्रॉइडचा एकही फोन अजून दुकानात आलेला नव्हता. डॅल्विक या नव्या व्हर्च्युअल मशीनच्या पोटात काय आहे ते सांगायला डॅन बॉर्नस्टाइन हा इंजिनियर उभा राहिला. डॅल्विक हे आइसलंडमधल्या एका मच्छीमार गावाचं नाव. पण मला त्या भाषणातलं सगळ्यात आवडतं ते सुरुवातीचं अंकगणित. फोनची एकूण मेमरी ६४ एमबी धरलेली. कर्नल आणि खालची यंत्रणा सुरू झाली की उरतात ४०. वरच्या सेवा सुरू झाल्या की उरतात २०. आणि प्रत्येक ॲपला लागणारी सिस्टिम लायब्ररी एकटीच १० एमबीची. शिवाय अट अशी की प्रत्येक ॲप स्वतःच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये चालणार, कारण ही ॲप्स कुणी कुठे बसून लिहिलेली असणार आणि एकाचा दुसऱ्यावर काडीचाही विश्वास नसणार. स्वॅपची, म्हणजे मेमरी अपुरी पडली की त्यातलं काही डिस्कवर हलवण्याची, सोय नाही. हिशेब सरळ मांडला तर दोन ॲप्सच्या लायब्रऱ्यांतच फोन भरला, तिसरं उघडायला जागाच नाही.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जावा, सी शार्प, पायथन, रुबी या भाषांतला प्रोग्रॅम प्रोसेसरवर थेट चालत नाही. त्याच्याखाली एक व्हर्च्युअल मशीन असतं. ते मेमरी देतं, वापरून झालेली गोळा करतं, प्रोग्रॅमला मर्यादेत ठेवतं. सोय मोठी, पण हे मशीन स्वतःही बरंच खातं: शेकडो क्लास, त्यांचे तक्ते, कंपाइल करून ठेवलेला कोड. दहा ॲप्स म्हणजे दहा मशिनं, आणि दहांच्याही पोटात तेच सामान. ते एकदाच ठेवावं आणि सगळ्यांनी मिळून वापरावं, हे कुणालाही सुचेल. अट एकच, वापरताना त्यावर कुणी काही लिहायचं नाही. पडद्यामागचे सगळे किस्से या अटीपाशी घडले आहेत, कारण लिहिणारा दर वेळी भलताच कुणीतरी निघाला.

जावावाल्यांना हा प्रश्न नव्वदच्या दशकात ब्राउझरमध्ये भेटला. दोन वेगवेगळ्या साइट्सची ॲप्लेट्स, म्हणजे पानात चालणारे छोटे जावा प्रोग्रॅम, आणि खाली जावाचं मशीन एकच. मध्ये भिंत म्हणून क्लासलोडर. प्रत्येक ॲप्लेटचे क्लास वेगळ्या लोडरने आणायचे, म्हणजे एकाला दुसऱ्याचे दिसत नाहीत. पण जावाच्या मूळ लायब्ररीतले क्लास सगळ्यांना मिळून एकच, त्यामुळे त्यांतली स्टॅटिक व्हेरिएबल्सही, म्हणजे अख्ख्या क्लासला मिळून एकदाच ठेवलेली मूल्यं, एकच. ‘इंटर्न’ केलेल्या, म्हणजे सारख्या अक्षरांची एकच प्रत ठेवलेल्या, स्ट्रिंग्जही सगळ्या मशीनला मिळून एकच. परिणाम असा की एका ॲप्लेटने एखाद्या स्ट्रिंगवर लॉक धरून ठेवावं आणि त्याच्याशी सुतराम संबंध नसलेल्या दुसऱ्या ॲप्लेटने, योगायोगाने तीच अक्षरं वापरली म्हणून, ताटकळत बसावं. बरं, बिघडलेलं ॲप्लेट मारून टाकायचं म्हटलं तर ‘थ्रेड.स्टॉप’ होतं. पण कामाच्या मध्येच मारलेला थ्रेड हातातली लॉक सोडून जायचा, आणि त्या लॉकमागची अर्धवट बदललेली वस्तू इतरांच्या पुढ्यात उघडी पडायची. १९९८ च्या अखेरीस जावा १.२ आली, तेव्हा जावा बनवणाऱ्या सन कंपनीने स्वतःच सांगितलं की थ्रेड.स्टॉप वापरू नका.

सर्व्हरवर हेच दुखणं वेगळ्या नावाने आलं. पुण्यात दोन हजारच्या दशकात जावावर काम केलेल्या कुणाहीसमोर ‘परमजेन’ एवढा एकच शब्द उच्चारून बघा. परमजेन म्हणजे जावाचे क्लास ठेवण्यासाठीची ठरलेल्या आकाराची मेमरी. मी तेव्हा ज्या ऑफिसात होतो तिथे एका टॉमकॅट सर्व्हरवर चार टीमची ॲप्लिकेशन्स नांदत. आपलं वॉर, म्हणजे ॲप्लिकेशनची फाइल, बदलायचं तर सगळा टॉमकॅट बंद कशाला करायचा, म्हणून जो तो चालू सर्व्हरवर रीडिप्लॉय मारायचा. दुपारपर्यंत ठीक चाले. चहानंतर कुणाच्या तरी स्क्रीनवर ‘आउट ऑफ मेमरी, परमजेन स्पेस’ उमटे, आणि चारही टीम एकमेकींकडे बघू लागत. इलाज दोनच: टॉमकॅट रीस्टार्ट करणं, नाहीतर मॅक्स-परम-साइझ २५६ एमबी करून संध्याकाळ काढणं.

कारण मात्र बघण्यासारखं होतं. डेटाबेसचा जेडीबीसी ड्रायव्हर लोड होताना ड्रायव्हर-मॅनेजर या मूळ जावातल्या क्लासकडे स्वतःची नोंद करतो. म्हणजे सामायिक यादीत एक ओळ लिहितो. ॲप काढून टाकलं तरी ती ओळ राहते. त्या ओळीने ड्रायव्हर धरलेला, ड्रायव्हरने आपला क्लास, क्लासने आपला क्लासलोडर आणि क्लासलोडरने त्या ॲपचे झाडून सगळे क्लास. एका नोंदीपायी अख्खं मेलेलं ॲप्लिकेशन मेमरीत पडून. २०१० च्या टॉमकॅट ६.०.२४ पासून सर्व्हर अशा गळत्या ओळखून लॉगमध्ये बोंब मारू लागला. पुढे २०१४ मध्ये जावा ८ ने परमजेनच काढून टाकलं, पण गळती राहिलीच. फक्त आता ठरलेली मर्यादा नसल्यामुळे मशीनची सगळी मेमरी संपत आली की मगच ती दिसते. याला प्रगती म्हणायचं की नाही, हे रात्रपाळीवाल्यांना विचारावं.

मग एकाच मशीनमध्ये खरोखरच्या भिंती बांधता येतील का? हा प्रश्न काही लोकांनी फार गांभीर्याने घेतला. युटा विद्यापीठात गॉडमार बॅक, विल्सन शे आणि जे लेप्रो यांनी ‘काफेओएस’ बांधलं. जावाच्या मशीनमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमसारख्या प्रोसेस, प्रत्येकीची वेगळी हीप, म्हणजे वस्तू ठेवायची मेमरी, आणि वाटून घेण्याच्या वस्तूंसाठी सामायिक हीप. २००० च्या ओएसडीआय परिषदेत त्यांनी ते मांडलं. त्यातला एक निर्णय मला अजून आवडतो. सामायिक हीपचा खर्च कुणाच्या नावावर टाकायचा? त्यांनी ठरवलं, जो जो वापरतो त्या प्रत्येकाच्या नावावर पूर्ण. वाटून टाकला, तर एक जण निघून गेल्यावर बाकीच्यांचा आकडा त्यांनी काहीही न करता अचानक चढेल, आणि मर्यादेला टेकलेला एखादा बिचारा विनाकारण मरेल.

कॅलिफोर्नियात सनच्या प्रयोगशाळेत ‘बार्सिलोना’ नावाचा प्रकल्प चालू होता. ग्रेगॉर्श चायकोव्स्की आणि लॉरां देनेस ही तिथली जोडी. चायकोव्स्की कॉर्नेलहून आलेला. तिथे त्याने जे-कर्नलवर काम केलेलं, म्हणजे एका जावात अनेक सुरक्षित कप्पे कसे करायचे यावरच. २००१ मध्ये या दोघांनी ‘मल्टिटास्किंग व्हर्च्युअल मशीन’, म्हणजे एमव्हीएम, मांडलं. युक्ती अशी की प्रत्येक क्लासचे दोन भाग करायचे. जो कधी बदलत नाही तो भाग, म्हणजे बाइटकोड आणि कंपाइल झालेला कोड, सगळ्यांना एकच. जो बदलतो तो भाग, म्हणजे स्टॅटिक व्हेरिएबल्स आणि क्लास सुरू झाला की नाही याची खूण, प्रत्येक ॲपला वेगळा. त्यासाठी प्रत्येक स्टॅटिकला हात लावताना ‘मी कुठल्या ॲपमध्ये आहे’ हे बघण्याचा एक हेलपाटा आला, पण दुसरं ॲप सुरू होताना पहिल्याने गरम करून ठेवलेला कोड आयता मिळू लागला. सी मध्ये लिहिलेल्या नेटिव्ह कोडचं काय? तो तर मेमरीत कुठेही लिहू शकतो. त्याला त्यांनी सरळ वेगळ्या प्रोसेसमध्ये हाकललं. या एका गोष्टीतून काय ते समजावं: मशीनच्या आत कितीही भक्कम भिंत बांधा, सी चा कोड आला की ऑपरेटिंग सिस्टिमच्याच पाया पडावं लागतं.

हे सगळं ‘आयसोलेट’ या नावाने जावात यावं म्हणून जेएसआर १२१ हा प्रस्ताव निघाला. २००६ मध्ये तो अंतिमही झाला. पण तो डेस्कटॉपच्या किंवा सर्व्हरच्या जावात कधीच आला नाही. साध्या फोनसाठीच्या सीएलडीसी हॉटस्पॉटमध्ये एका मशीनवर अनेक ॲप्स चालवण्याची सोय तेवढी झाली. चायकोव्स्की पुढे गूगलमध्ये गेला, आणि नोव्हेंबर २००८ मध्ये ४,००० संगणकांवर एक पेटाबाइट डेटा ६ तास २ मिनिटांत क्रमाने लावल्याची हकीकत त्याच्याच नावाने प्रसिद्ध झाली. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये डॉटनेटबरोबर ‘ॲपडोमेन’ आणलं होतं, तेही याच वळणाचं: एका प्रोसेसमध्ये अनेक कप्पे. सगळ्या कप्प्यांत मिळून कोड एकच ठेवायचा असेल तर तिथेही स्टॅटिकची किंमत मोजावी लागेच. २०१६ मध्ये डॉटनेट कोअर आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने नवे ॲपडोमेन बनवण्याची सोय त्यात ठेवलीच नाही. भिंत हवी असेल तर वेगळी प्रोसेस घ्या, नाहीतर कंटेनर घ्या, असा सल्ला दिला.

मधल्या काळात ॲपलने कमी बोलून जास्त काम केलं होतं. मॅकवर प्रत्येक जावा ॲप सुरू होताना तेच शेकडो क्लास वाचणार, तपासणार, मांडणार. मग ते आधीच मांडून एका फाइलमध्ये का ठेवू नयेत? जावा १.३.१ च्या वेळी मॅकवर ही सोय आली. फाइल एकदा बनवायची, प्रत्येक प्रोसेसने ती मेमरीत जोडून घ्यायची. ॲपलने ही कल्पना सनकडे सोपवली आणि २००४ च्या जावा ५ मध्ये ती ‘क्लास डेटा शेअरिंग’ म्हणून सगळ्यांना मिळाली. त्या फाइलच्या रचनेत दोन विभाग ठेवलेले होते, एक फक्त वाचण्यासाठी आणि एक लिहिण्यासाठी. कोण कुठे लिहितं याची यादी आधी करा, मग वाटून घ्या, हे शहाणपण त्यात होतं. गंमत म्हणजे पुढची पंधरा वर्षं बहुतेक जावावाल्यांना ही सोय आहे हेच ठाऊक नव्हतं. २०१९ च्या जावा १२ पासून तयार फाइल जावाबरोबरच येऊ लागली आणि काही न करता सगळ्यांना तिचा फायदा मिळाला.

आता परत बॉर्नस्टाइनच्या २० एमबीकडे. अँड्रॉइडवाल्यांनी मशीनच्या आत भिंती बांधायचा नाद धरलाच नाही. प्रत्येक ॲपला लिनक्सची वेगळी प्रोसेस आणि वेगळा युजर आयडी. भिंतीचं काम कर्नलकडे सोपवून टाकलं, आणि सगळं डोकं वाटून घेण्यावर खर्च केलं.

पहिली पायरी फाइलची. जावाच्या जार फाइलमध्ये प्रत्येक क्लासची आपली वेगळी यादी असते, आणि त्यामुळे तीच तीच नावं शेकडो वेळा लिहिली जातात. डॅल्विकच्या डेक्स फाइलमध्ये सगळ्या क्लासना मिळून याद्या सामायिक केल्या. बॉर्नस्टाइनने दाखवलेले आकडे असे: सिस्टिम लायब्ररी जारमध्ये उलगडलेली २ कोटी १४ लाख बाइट्स, दाबून बसवलेली १ कोटी ६ लाख, आणि डेक्समध्ये अजिबात न दाबता १ कोटी ३ लाख. न दाबलेली हे महत्त्वाचं. दाबलेली फाइल उलगडावी लागते आणि उलगडलेली प्रत ज्याची त्याची. न दाबलेली फाइल आहे तशी मेमरीत जोडता येते आणि सगळ्यांना एकच पुरते.

दुसरी पायरी झायगोट. फोन सुरू होतो तेव्हा झायगोट नावाची एक प्रोसेस जन्माला येते. ती व्हर्च्युअल मशीन सुरू करते, नेहमी लागणारे क्लास लोड करते, चित्रं वगैरे सामान काढून ठेवते आणि सॉकेटवर कान लावून बसते. तुम्ही आयकॉनवर बोट ठेवलं की झायगोट ‘फोर्क’ करते, म्हणजे स्वतःची हुबेहूब प्रत काढते, आणि ती प्रत तुमचं ॲप बनते. कर्नल खरी प्रत लगेच काढत नाही. मेमरीचं प्रत्येक ४ केबीचं पान दोघांना तेच दाखवतो. दोघांपैकी कुणी त्यावर लिहायला गेलं, तर तेवढ्याच पानाची वेगळी प्रत काढून देतो. याला कॉपी-ऑन-राइट म्हणतात. म्हणजे लायब्ररी एकदाच गरम झाली आणि सगळ्या ॲप्सना फुकट मिळाली. कुणी लिहीत नाही तोवर.

आत घ्यायचे क्लास निवडण्याची रीतही खास होती. अँड्रॉइडच्या सोर्समध्ये ‘प्रीलोडेड-क्लासेस’ नावाची एक लांबलचक फाइल असे. तिच्या डोक्यावर दोन आकडे लिहिलेले होते: १२५० मायक्रोसेकंद आणि १० प्रोसेस. ज्या क्लासला लोड व्हायला १२५० मायक्रोसेकंदांहून जास्त लागतात किंवा जो किमान दहा प्रोसेसना लागतो, त्याला झायगोटमध्ये जागा. चालत्या फोनवरून मोजमाप करून प्रोग्रॅमच ही यादी बनवायचा. पण काही क्लासना या दोन्ही कसोट्या पार करूनही मज्जाव होता. ‘असिंकटास्क’ हे त्यातलं नावाजलेलं नाव. त्या काळात अँड्रॉइडवर काम करणाऱ्या प्रत्येकाने ते रोज वापरलं. त्याला बाहेर ठेवलं, कारण तो थ्रेड सुरू करणाऱ्यांपैकी.

थ्रेडची एवढी धास्ती का? फोर्क केल्यावर नव्या प्रोसेसमध्ये फक्त फोर्क करणारा थ्रेड जिवंत असतो. बाकीचे तिथे नसतातच, पण त्यांनी धरलेली लॉक मात्र धरलेल्याच अवस्थेत प्रतीमध्ये येतात, आणि ती सोडायला कुणी उरलेला नसतो. म्हणून झायगोट प्रत्येक फोर्कआधी आपली घरातली नोकरमंडळीही, म्हणजे गार्बेज गोळा करणारे आणि फायनलायझर चालवणारे थ्रेड, थांबवते. मग लिनक्सच्या ‘/प्रॉक’ मधून आपले थ्रेड पुन्हा पुन्हा मोजते, एकच उरेपर्यंत. मगच फोर्क. फोर्क झालं की सगळ्यांना पुन्हा कामावर घेते.

आणि आता तो लिहिणारा. लायब्ररीच्या वस्तूंना ॲप हात लावत नाही, मग पानं वेगळी व्हायचं कारण काय? कारण गार्बेज कलेक्टर. तो हीपमध्ये फिरून जिवंत वस्तूंवर खूण करतो आणि बिनखुणेच्या काढून टाकतो. ही खूण वस्तूच्याच डोक्यावर एका बिटमध्ये ठेवणं ही जुनी, सरळ पद्धत. फोर्क झालेल्या घरात तीच घात करते. एक बिट बदलला की ४,०९६ बाइट्सची प्रत. आणि कलेक्टर तर प्रत्येक जिवंत वस्तूला खूण करणार, म्हणजे पहिल्या फेरीतच झायगोटची जवळजवळ सगळी हीप ज्याची त्याची होणार. वाटून घेतलेलं सगळं क्षणात मातीमोल, आणि तेही कुणी काही वापरायच्या आत. डॅल्विकने म्हणून खुणा वस्तूंपासून तोडल्या आणि वेगळ्या बिटमॅपमध्ये ठेवल्या. शिवाय पहिल्या फोर्कआधी झायगोटची हीप तिथेच बंद करून टाकली. त्यानंतरच्या नव्या वस्तू वेगळ्या हीपमध्ये जातात, जुन्या पानांच्या फटींत नाही.

फोनमधली मेमरी कोण किती खातं हे मोजायचं तर पुन्हा काफेओएसचाच प्रश्न: सामायिक पान कुणाच्या नावावर? अँड्रॉइडच्या ‘डमसिस मेमइन्फो’मध्ये जो पीएसएस आकडा दिसतो त्यात लिनक्स वाटून टाकतो. पान दहा जण वापरत असतील तर प्रत्येकाच्या नावावर एक दशांश. सोसायटीत चार फ्लॅट रिकामे झाले की उरलेल्यांचा मेंटेनन्स वाढावा तसं होतं: शेजारची ॲप्स बंद झाली की तुमच्या ॲपचा पीएसएस चढतो, आणि नवखा टेस्टर मेमरी लीकचा बग लिहून मोकळा होतो. काफेओएसवाल्यांनी नेमकं हेच टाळलं होतं.

झायगोटची एक किंमत मात्र बरीच वर्षं कुणी बोलून दाखवली नाही. मेमरीत काय कुठे आहे हे हल्लेखोराला कळू नये म्हणून प्रत्येक प्रोसेसची मांडणी यदृच्छेने बदलली जाते. पण सगळी ॲप्स झायगोटच्या प्रती, म्हणजे सगळ्यांची मांडणी एकसारखी. एका ॲपमध्ये पत्ते कळले की दुसऱ्यातलेही कळले. २०१४ मध्ये जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी हे दाखवून दिलं आणि ‘मोरुला’ नावाचा उपायही सुचवला. ग्राफीनओएस ही सुरक्षेसाठी कडक असलेली अँड्रॉइडची आवृत्ती तर ॲप्स झायगोटमधून फोर्क करतच नाही, प्रत्येक ॲप कोऱ्या प्रोसेसपासून सुरू करते. ॲप उघडायला जरा जास्त वेळ लागतो, मेमरी जास्त जाते, आणि ते लोक ही किंमत जाणूनबुजून मोजतात. मला त्यांचं पटतं, पण माझ्या फोनवर झायगोटच आहे.

खुणेच्या बिटचा धडा सगळ्यांनी आपापला वेगळा शिकला, ही या गोष्टीतली विनोदी बाजू. बॉर्नस्टाइनच्या भाषणाच्याच वर्षी, २००८ मध्ये, फ्यूजन या डच कंपनीचे हाँगली लाय आणि निन बुई रुबीत तेच उकलत होते. रेल्स या रुबीच्या वेब-चौकटीतलं ॲप एकदा लोड करा, फोर्क करा, सगळ्यांना वाटा. कलेक्टर फिरला की सगळं गेलं. त्यांनी ‘रुबी एंटरप्राइझ एडिशन’मध्ये खुणा बाहेर काढल्या आणि मेमरी सरासरी ३३ टक्क्यांनी वाचते असं जाहीर केलं. मूळ रुबीत हा बदल यायला मात्र फेब्रुवारी २०१३ उजाडला. नारिहिरो नाकामुरा याने तो रुबी २.० मध्ये केला.

आणि मग इन्स्टाग्राम. त्यांची वेबसाइट जँगोवर, म्हणजे पायथनवर. एक मास्टर प्रोसेस सगळा कोड लोड करते आणि डझनावारी वर्कर फोर्क करते. त्यांच्या लक्षात आलं की फोर्क होताना सामायिक असलेली २५० एमबी मेमरी काही क्षणांतच १४० वर घसरते. अजून कामालाही लागले नाहीत, आणि कोण लिहितंय?

पहिला संशय सगळ्यांच्या ओळखीच्या गुन्हेगारावर गेला. पायथनमध्ये प्रत्येक वस्तूच्या डोक्यावर किती जण तिला धरून आहेत याचा आकडा असतो. वस्तू नुसती वाचली तरी तो वर-खाली होतो, म्हणजे वाचणं हेच लिहिणं. त्यांनी थेट पायथनच्या पोटात हात घातला आणि कोड ऑब्जेक्ट्सपुरती ही मोजणी बंद केली, कारण कोड कधी बदलत नाही. प्रॉडक्शनवर चढवलं. सामायिक मेमरी जागची हलली नाही. मग अंदाज सोडून त्यांनी ‘पर्फ’ हे मोजमापाचं साधन लावून पेज फॉल्ट कुठे होतात, म्हणजे पानांच्या प्रती कुठे निघतात, ते मोजलं, आणि बोट गेलं गार्बेज कलेक्टरच्या फेरीकडे. पायथनचा कलेक्टर वस्तूंना एका साखळीत गुंफतो, आणि साखळीचे दुवे वस्तूंच्या अगदी डोक्याला चिकटलेले असतात. फेरी झाली की दुवे हलतात, पानं लिहिली जातात.

म्हणून कलेक्टरच बंद करायचा. ‘जीसी.डिसेबल’ एवढी एक ओळ घातली. फरक शून्य. डीबगर लावून पाहिलं तर कलेक्टर अजूनही फिरतोय. मेसेज-पॅक नावाची एक लायब्ररी ते वापरत होते, आणि ती आपलं काम झालं की ‘जीसी.इनेबल’ करून जायची. लायब्ररीशी भांडत बसण्यापेक्षा त्यांनी कलेक्टरचा उंबरठा शून्य केला, म्हणजे तो आपोआप सुरूच होणार नाही. तो आकडा लायब्रऱ्या बदलत नाहीत. मग मात्र प्रत्येक वर्करची सामायिक मेमरी १४० वरून २२५ एमबीवर गेली आणि एका सर्व्हरवर ८ जीबी मोकळी झाली.

गोष्ट इथेही संपली नाही. नवा कोड चढवताना जुन्या प्रोसेस बंद होतात, आणि त्या बंद व्हायला आता नको इतका वेळ घेऊ लागल्या. कमी मेमरीच्या सर्व्हरवर तर मेमरीच संपायची. कारण पायथन मरताना जाता जाता एक शेवटची फेरी मारतो, आणि ती शेवटची फेरी सगळी सामायिक पानं एकदम लिहून टाकते. मेमरी सोडून देण्यासाठी जो चाललाय तोच मेमरी मागत होता. उपाय म्हणून त्यांनी प्रोसेस संपताना ‘ओएस._एक्झिट(०)’ लावलं: आवरासावर करायची नाही, सरळ निघायचं. चेनयांग वू आणि मिन नी यांनी जानेवारी २०१७ मध्ये ही हकीकत जाहीर केली, तेव्हा पायथनवाल्यांत खळबळ उडाली. कलेक्टर बंद करून एवढी मोठी साइट चालवतात? चालवत होते, आणि प्रोसेसरच्या कॅशमध्ये गर्दी कमी झाल्यामुळे कामही सुमारे दहा टक्के जास्त होत होतं.

पण कलेक्टरशिवाय एकमेकांना धरून बसलेल्या वस्तूंची वर्तुळं साठत जातात. कोड वाढला तसा हा कचराही वाढला आणि कलेक्टर परत आणावा लागला. मग झेकुन ली याने पायथनमध्ये ‘जीसी.फ्रीझ’ आणलं. फोर्क करण्याआधी आत्तापर्यंतच्या सगळ्या वस्तू एका कायमच्या खोलीत टाकायच्या, जिच्यात कलेक्टर जात नाही. जून २०१८ च्या पायथन ३.७ मध्ये ते सगळ्यांना मिळालं.

आणि तो पहिला संशयित, मोजणीचा आकडा? तो निर्दोष नव्हताच, फक्त त्या वेळचा मुख्य गुन्हेगार नव्हता. एरिक स्नो आणि एडी एलिझॉन्डो यांनी पीईपी ६८३ हा प्रस्ताव लिहून ‘अमर’ वस्तू मांडल्या. ‘नन’, ‘ट्रू’, ‘फॉल्स’, लहान पूर्णांक: यांचा आकडा एका ठरावीक किमतीवर गोठवायचा, आणि आकडा बदलण्याआधी ही वस्तू अमर आहे का एवढं तपासायचं. हे तपासणंही फुकट नाही. साधेपणाने केलं तेव्हा पायथन सुमारे ४ टक्के मंदावला, आणि ते भरून काढायला बरीच खटपट लागली. ऑक्टोबर २०२३ च्या पायथन ३.१२ मध्ये हे आलं. राहता राहिल्या त्या जुन्या पायथनसाठी कंपाइल झालेल्या सी एक्स्टेन्शन्स. त्यांच्यात आकडा एकाने वाढवण्याचा कोड आधीच भाजून बसलेला आहे, तपासणीचा पत्ता नाही. म्हणून गोठवलेली किंमतच इतकी मोठी निवडली की अशा भटक्या बेरीज-वजाबाक्यांनी वस्तू मरू नये. बाकी अशी एखादी एक्स्टेन्शन फोर्क झालेल्या प्रोसेसमध्ये ‘नन’ला हात लावते तेव्हा आकडा बदलतोच, आणि कर्नल आणखी ४ केबीची प्रत काढतो.